स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा

सारख्या स्पेलिंगच्या इंग्रजी शब्दांतली चूक संगणकाच्या तपासणीत सहसा सापडत नाही, कारण चुकून पडलेला शब्दही कोशात असतोच. नोकरीच्या अर्जात ‘मॅरिटल स्टेटस’ लिहिताना ‘आय’ आणि ‘टी’ यांची अदलाबदल झाली, की ‘मार्शल’ होते आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यात युद्ध शिरते. साताऱ्यात एक गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. अशा मुलखात ही चूक एखादे वेळी हसून सोडली जाईल. ‘कोर’ची सोडली जात नाही. एन.सी.सी.मधला शेवटचा ‘सी’ म्हणजे कोर, अर्थात दल. त्यातले ‘पी’ आणि ‘एस’ लिहायचे, उच्चारायचे नाहीत. पुढे ‘ई’ जोडला की ते ‘कॉर्प्स’, म्हणजे प्रेत.

सांगलीकडचे घोटाळे बाजारातले. तासगावचा बेदाणा म्हणजे ‘रेझिन’. बारीक, काळ्या मनुकेचा ‘करंट’ नावाचा एक प्रकारही असतो. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून ते नाव पडले. त्याच्या स्पेलिंगात ‘एन’च्या आधी ‘ए’, तर बँकेच्या चालू खात्यात आणि विजेच्या करंटमध्ये तिथेच ‘ई’. द्राक्षवेल आणि द्राक्षाची दारू यांची इंग्रजी नावे मराठी तोंडात एकच ‘वाइन’ होतात, कारण मराठीचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्हींसाठी एका ‘व’वर भागते. वेलीला ‘व्ही’, दारूला ‘डब्ल्यू’. बागेच्या विम्याच्या कागदात हे उलटे पडले, तर विमा नेमका कशाचा, हा प्रश्न उभा राहतो.

कर्जाचे मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य दोन्ही ‘प्रिन्सिपल’, शेवट ‘ए-एल’. तत्त्व असेल तेव्हा ‘एल-ई’. लक्षात ठेवायला कराड तालुक्यातले खंडोबाचे पाल बरे: रोमन लिपीत त्या गावाचे नाव लिहितात, तसाच मुद्दलाचा आणि प्राचार्यांचा शेवट.

मोठ्याने वाचून तपासण्याची नेहमीची युक्ती इथे कामाची नाही. उच्चार तोच राहतो. ‘रेन’ घ्या. महाबळेश्वरचा पाऊस, शाहू महाराजांची १७०८ ते १७४९ ही साताऱ्याची कारकीर्द आणि घोड्याचा लगाम, तिन्ही ‘रेन’. कारकिर्दीत न उच्चारला जाणारा ‘जी’ असतो. पूर्ण मोकळीक या अर्थाच्या ‘फ्री रेन’मध्ये तो घालण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असणारेही करतात; तिथे सैल सोडलेला लगाम आहे, राज्य नव्हे. म्हणून वाक्प्रचार लिहिण्याआधी त्यातले मूळ चित्र मराठीत सांगून पाहावे. ‘टो द लाइन’मध्ये आखलेल्या रेषेला पायाची बोटे लावून उभे राहायचे असते, म्हणजे शिस्त पाळायची असते, शेवट ‘ओ-ई’. खंबाटकी घाटात बंद पडलेला ट्रक क्रेनने ‘टो’ करून नेतात, तेव्हा शेवट ‘ओ-डब्ल्यू’.