पंधराव्या तिथीचा लूप

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन भागातून दरवर्षी मुलं संगणकाच्या पदविकेला जातात, काही लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकीला जातात. सुरुवातीलाच ‘सी’ भाषा समोर येते आणि ‘लूप’ हा धडा आला की अनेकांचा धीर सुटतो. ‘मला कोडिंग जमणार नाही’ हे वाक्य घरी ऐकू येतं. मग आईवडील महागडा क्लास शोधतात, नाहीतर शाखा बदलायचा विचार करू लागतात. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. लूपपाशी अडणं म्हणजे कल नसणं, असं मुळीच नाही. तोवरचा प्रोग्रॅम वरून खाली वाचला की कळत असतो. लूपमध्ये मात्र तीच ओळ प्रत्येक फेरीत वेगळं काम करते, कारण मधल्या काळात व्हेरिएबलची किंमत बदललेली असते. तो बदल डोळ्यांसमोर ठेवायची सवय शाळेत कुणी लावलेली नसते. ती कागदावर लावून घेता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावरचाच हिशेब घेऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ओहोटीला चालत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जायचं तर हाच हिशेब मनात केला जातो. आता पक्षाच्या पंधराही तिथींचा तक्ता ‘सी’मध्ये काढायचा आहे. ‘फॉर’ लूपला तीन गोष्टी सांगायच्या: तिथी 1 पासून सुरू कर, 15 किंवा त्याहून कमी असेपर्यंत चालू ठेव, प्रत्येक फेरीनंतर एक वाढव. विद्यार्थी अटीत ‘15 पेक्षा कमी’ एवढंच लिहितो. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो, चौदा ओळी छापतो आणि पौर्णिमा किंवा अमावास्या गळते. ज्या दिवसाच्या आसपास उधाण येतं, नेमका तोच दिवस तक्त्यात नाही! कंपाइलर अशी चूक दाखवत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे. दुसरा सापळा याहून छुपा आहे. पाऊणपट म्हणून 3 भागिले 4 गुणिले तिथी असं लिहिलं, तर ‘सी’ पूर्णांकांचा भागाकार आधी करते, 3 भागिले 4 चं उत्तर शून्य येतं आणि पंधराही वेळा शून्यच छापलं जातं. तिथीला 45 ने गुणून मिनिटं काढावीत, मग 60 ने भागून तास आणि उरलेली मिनिटं वेगळी करावीत. तक्ता बरोबर येतो. हे सगळं कागदावर तीन रकाने आखून, फेरीगणिक किंमत लिहीत गेलं की उलगडतं. कॉलेजात याला ‘ड्राय रन’ म्हणतात आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आता एआय कोड लिहून देतं, मग एवढं कशाला शिकायचं? लिहून देतं हे खरं, पण तो कोड बरोबर आहे का, हे कुणीतरी वाचून ठरवावंच लागतं. 31 डिसेंबर 2008 रोजी मायक्रोसॉफ्टचे ‘झून 30’ हे संगीत-प्लेअर जगभर एकाच दिवशी बंद पडले. दिवसांवरून वर्ष काढणारा एक ‘व्हाइल’ लूप त्याला कारण होता. ‘दिवस 365 पेक्षा जास्त असेपर्यंत फिर’ ही त्याची अट. ते लीप वर्ष होतं. 366 व्या दिवशी अट खरी ठरली, पण आत दिवस वजा करणारी ओळ 366 पेक्षा जास्त असेल तरच चालणार होती. किंमत बदलेना, लूप थांबेना. तो कोड लिहिणारे नवशिके नव्हते. शेवटच्या दिवसाची किंमत घालून कागदावर एक फेरी केली असती तर चूक दिसली असती. यंत्राने लिहिलेल्या कोडलाही हीच तपासणी लागते.

‘सी’ जुनी झाली, सरळ पायथन का नको, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे आणि पायथनपासून सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही. पण 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या या भाषेत सुरुवात, अट आणि वाढ या तिन्ही गोष्टी स्वतः लिहाव्या लागतात, म्हणून लूप आतून दिसतो. पायथनमध्ये तो बराचसा झाकलेला राहतो.

मराठी माध्यमात शिकल्यामुळे ‘सी’ जमणार नाही, ही भीती तर अगदीच अनाठायी आहे. ‘सी’च्या 1989 च्या मानकात राखीव शब्द फक्त 32 आहेत. ड्राय रन मराठीत बोलून करता येतो आणि तसाच करावा.

तेव्हा क्लासची फी भरण्याआधी पंधरा-वीस दिवस रोज एक छोटा लूप मुलाने हाताने सोडवावा, मगच संगणकावर चालवावा. एवढं करूनही त्यात रस वाटला नाही, तर दुसऱ्या शाखेचा विचार जरूर करावा. तो निर्णय मग भीतीपोटी घेतलेला नसेल. पालकांना ‘सी’ येत नसली तरी ते शेजारी बसू शकतात. पाऊणपटीने पंचमीची भरती पावणेचारला येते, हे त्यांना तोंडी सांगता येतं. मुलाच्या तक्त्यात पाचव्या ओळीला तेच आलं आहे का आणि पंधरावी ओळ आहे का, एवढं त्यांनी पाहावं.