वंध्यत्वावरील उपचार, सक्तीचा विमा आणि नोकरदार स्त्री

लग्नाला चार-पाच वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, तर त्याचा दोष आपल्या समाजात आजही बहुधा स्त्रीच्याच माथी मारला जातो. वस्तुतः दोष पुरुषात, स्त्रीत अथवा दोघांतही असू शकतो. उपचारांचा मोठा भाग मात्र स्त्रीच्याच शरीरावर होतो. ती नोकरी करणारी असेल तर खर्चाच्या विवंचनेत वेळेच्या विवंचनेचीही भर पडते. हा खर्च विमा कंपन्यांनी उचललाच पाहिजे, असा कायदा केला तर काय घडते, याचा चार दशकांचा अनुभव अमेरिकेतील काही राज्यांच्या गाठी आहे. तो उद्बोधक आहे.

शरीराबाहेर फलन घडवून जन्मास आलेले पहिले मूल इंग्लंडमधील. तो दिवस होता 25 जुलै 1978. अमेरिकेत असे मूल डिसेंबर 1981 मध्ये जन्मले, तर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट 1986 मध्ये हे यश मिळविले. या उपचारात स्त्रीला सुमारे दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. मधूनमधून रक्ततपासणी व सोनोग्राफी होते, नंतर बीजांडे काढली जातात, प्रयोगशाळेत त्यांचे फलन होते आणि तीन ते पाच दिवसांनी भ्रूण गर्भाशयात सोडला जातो. पुढील दोन आठवडे प्रतीक्षेचे. एका फेरीत यश येईलच असे नाही. बीजांडे काढण्याचा दिवस त्यांच्या वाढीवर ठरतो. तो कचेरीच्या सोयीने पुढे ढकलता येत नाही.

अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्यविमा प्रायः मालकामार्फत उतरविला जातो व हप्त्याचा बराच भाग मालक भरतो. विमा कंपन्यांवर नियंत्रण मुख्यतः राज्यांचे असते. मेरीलँडने 1985 मध्ये, मॅसॅच्युसेट्स व हवाई यांनी 1987 मध्ये, ऱ्होड आयलंडने 1989 मध्ये, तर इलिनॉयने 1991 मध्ये या उपचारांचा विम्यात समावेश अनिवार्य केला. टेक्सासच्या कायद्याने मात्र विमा कंपनीने असे संरक्षण केवळ देऊ करावयाचे. घ्यावे की न घ्यावे हे मालकाने ठरवावयाचे. कायद्याचे नाव एकच, पण कामगार स्त्रीच्या पदरात पडणारे माप निराळे.

वैद्यकीय दृष्टीने या सक्तीचा एक लाभ सहसा ध्यानी येत नाही. पैसे खिशातून भरणारे जोडपे एकाच फेरीत काम साधावे म्हणून अधिक भ्रूण सोडण्यास राजी होते, आणि जुळी-तिळी होऊन माता व बालके दोघांनाही धोका वाढतो. संपूर्ण विमासंरक्षण असलेल्या राज्यांत उपचारांचे प्रमाण अधिक, प्रत्येक फेरीत सोडलेले भ्रूण कमी आणि तीन वा अधिक गर्भ राहण्याचे प्रमाणही कमी, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

नोकरीच्या बाबतीतील चित्र इतके सरळ नाही. उपचारांची गरज कोणाला पडेल हे मालकास ठाऊक नसते; उमेदवाराचे वय मात्र त्यास दिसते. तिशी ओलांडलेली स्त्री कामावर घेतल्यास विम्याचा भार वाढेल, असा हिशेब तो मनाशी मांडू शकतो. अर्थशास्त्रज्ञ जोआना लेही यांनी 2012 च्या आपल्या अभ्यासात दाखविले की, सक्ती असलेल्या राज्यांत अपत्यप्राप्तीच्या वयाच्या उत्तरार्धातील स्त्रियांचे वेतन घटले नाही, परंतु त्यांना मिळणारे एकूण काम घटले. सवलतीचे मोल सर्वच स्त्रियांना तिच्या खर्चाइतके वाटत नाही. त्यामुळे तिच्यासाठी कमी वेतन पत्करण्यास त्या तयार नसतात व मालक मागणीच आवरती घेतो. ज्यांना उपचारांची मुळीच गरज नाही, अशा स्त्रियांनाही ही किंमत मोजावी लागते. याउलट, पुढे उपचार परवडतील या भरवशावर स्त्रिया दीर्घ शिक्षणाच्या व्यवसायांकडे अधिक वळतात, असेही 2017 च्या एका संशोधनात दिसून आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आणखी एक पळवाट आहे. 1974 च्या एका केंद्रीय कायद्यामुळे, जे मालक विमा कंपनीकडे न जाता कामगारांचा वैद्यकीय खर्च स्वतःच सोसतात, त्यांना राज्यांची ही सक्ती लागू होत नाही. मोठे उद्योग प्रायः याच वर्गात मोडतात. परिणामी एकाच गावातील दोन कारखान्यांत काम करणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीला संरक्षण मिळते, दुसरीला नाही. आणि जिला मिळते तिला उपचार पुरे होईपर्यंत नोकरी बदलण्याची सोय राहत नाही.

भाराच्या वाटणीचा हा प्रश्न आपल्याकडेही अपरिचित नाही. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली. कामगार राज्य विमा योजनेतील स्त्रीला या रजेचा मोबदला सर्वांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून मिळतो. योजनेबाहेरील आस्थापनांत तो एकट्या मालकावर पडतो. वंध्यत्वाच्या उपचारांना मात्र विम्याची सक्ती नाही. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये वगळावयाच्या बाबींची जी प्रमाणित शब्दरचना ठरवून दिली, तीत 17 व्या क्रमांकावर वंध्यत्व ही बाब आहे. आपल्या विमापत्रात हे कलम आहे किंवा कसे, हे उपचार सुरू करण्यापूर्वीच पाहून घेणे इष्ट. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या सेवेसाठी स्त्रीचे वय 21 ते 50 व पुरुषाचे 21 ते 55 असे ठरविले आहे, हेही जाणून असावे.

गोव्याने निराळी वाट धरली. बांबोळी येथील गोमेकॉत 2023 मध्ये हे उपचार विनामूल्य सुरू झाले. येथे खर्च सरकारी तिजोरीतून होत असल्याने स्त्रीला कामावर घेताना मालकास विम्याचा हिशेब मांडण्याचे कारण उरत नाही. उरतो तो वेळेचा प्रश्न. काणकोणच्या शाळेतील शिक्षिकेस सकाळच्या तपासणीसाठी 60-70 किलोमीटर अंतर कापून बांबोळीस पोहोचावे लागते, आणि त्या दिवसाची रजा तिच्या मुख्याध्यापकांच्या सहीवर अवलंबून असते.