इंधनटाकीची खरी क्षमता

मनाली-लेह मार्गावर तांडी येथे पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारी तेथील पाटी प्रवाशांना अनेक वर्षे परिचित होती. अशा प्रदेशात रस्ता सोडून जाणाऱ्या वाहनासाठी डिझेलची टाकी बनवायची आहे, असे समजू.

खडतर वाटेवर वाहन एका लिटरमध्ये ८ किलोमीटर जात असेल, तर ३६५ किलोमीटरसाठी सुमारे ४६ लिटर डिझेल लागेल. त्यात एक चतुर्थांश राखीव साठा मिळवला की ही गरज ५७ लिटरवर जाते. ९० सेंटीमीटर लांब, ४० रुंद व १७ उंच टाकीचे घनफळ ६१ लिटर भरते. उरलेली जागा वाया जात नाही. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास ५७ लिटर डिझेल जवळजवळ दीड लिटरने प्रसरण पावते.

हिशेब येथे संपला असे वाटेल; परंतु तो सपाट जमिनीवरचा आहे. टाकीत १५ लिटर डिझेल उरले असताना वाहन २० अंशांचा चढ चढू लागले, तर काय होईल? द्रवाचा पृष्ठभाग क्षितिजसमांतरच राहतो. त्यामुळे सर्व डिझेल मागील टोकाला गोळा होऊन टाकीच्या जेमतेम निम्म्या लांबीपर्यंत पोचते. पुढील अर्धा भाग कोरडा पडतो. शोषनळी तेथे असल्यास ती हवाच ओढणार! हिशेबाप्रमाणे १२० किलोमीटर पुरणारा साठा जवळ असूनही इंजिन चढावरच बंद पडेल; आणि डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढून टाकल्याखेरीज अनेक इंजिने पुन्हा सुरू होत नाहीत.

यावर उपाय असा : टाकीच्या तळाला मध्यभागी १७ सेंटीमीटर लांब-रुंद व १० सेंटीमीटर खोल कुंडी जोडावी आणि शोषनळीचे टोक तिच्या तळापासून थोडे वर ठेवावे. वरील चढावरही कुंडीत सुमारे २ लिटर डिझेल टिकते. मात्र कुंडी दगडांवर आपटू नये म्हणून तिच्याखाली जाड पोलादी पत्रा हवा.

५७ लिटर डिझेलचे वजन सुमारे ४७ किलोग्रॅम असते. गचक्यांनी ते टाकीच्या भिंतींवर आदळू नये, यासाठी आत दोन आडपडदे बसवावेत. त्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून डिझेल व वरच्या कोपऱ्यांतून हवा जाऊ द्यावी. जेवढे डिझेल बाहेर पडते तेवढी हवा आत यावी लागते. म्हणून श्वासनळी आवश्यक असते. वाहन उलटल्यास बंद होणारी झडप तिला असावी. आतून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये, कारण जस्त डिझेलमध्ये उतरते.

तात्पर्य, टाकीची क्षमता तिच्या घनफळावरून ठरत नाही. वाहन अत्यंत अवघड स्थितीत असताना जेवढे इंधन इंजिनापर्यंत पोचते, तेवढीच तिची खरी क्षमता होय.