श्वास रोखू नका!

विद्यार्थी मित्रांनो, मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला मुलगा पाण्यात बुडी मारताना छातीभर श्वास घेतो आणि तो रोखून धरतो. स्नॉर्केलची नळी लावून पोहणाराही खाली जाताना तेच करतो. पण पाठीवर हवेची टाकी बांधून स्कूबाची बुडी शिकायला गेलात, तर पहिलाच नियम उलटा ऐकू येतो : 'श्वास कधीही रोखू नका!' असे का? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील बॉइलच्या नियमात आहे.

समुद्रात दर १० मीटर खोलीस दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर तो १ वातावरण, तर १० मीटरवर २ वातावरणे असतो. तापमान कायम असता दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. श्वास रोखून गेलेल्या मुलाच्या छातीत ५ लिटर हवा असेल, तर १० मीटरवर ती अडीच लिटर होईल आणि वर येताच पुन्हा ५ लिटर. जितकी नेली तितकीच परत आली.

स्कूबाचे तसे नाही. टाकीला जोडलेला रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरवतो. म्हणजे १० मीटरवर छातीत ५ लिटर हवा भरली, तर तिचा दाब २ वातावरणे असतो. ती रोखून वर आलात तर तिला १० लिटर जागा हवी! फुप्फुसे इतकी ताणली जात नाहीत. वायुकोष फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोचू शकतात. अवघ्या दीड मीटर खोलीवरून वर येतानाही अशी इजा होऊ शकते.

आता थोडे गणित करा. ४० मीटरवरून ३० मीटरवर येताना दाब ५ वरून ४ वातावरणांवर येतो. हवा सव्वापट होते. शेवटच्या १० मीटरांत मात्र ती दुप्पट होते. तेव्हा उथळ पाण्यात धोका नाही, ही समजूत चुकीची आहे.

वर सावकाश येण्याचा नियमही महत्त्वाचा आहे, कारण रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. अमेरिकी नौदलाने १९९३ मध्ये वर येण्याचा वेग मिनिटाला ६० फुटांवरून ३० फुटांवर आणला. हौशी पाणबुडे वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटे थांबतात. त्यांच्यासाठी ४० मीटर ही कमाल खोली मानतात. नवशिक्यांसाठी ती बरीच कमी असते.

सुटीत समुद्रकाठी अशी बुडी घ्यायची झाली, तर शिक्षकाने हे नियम समजावून सांगेपर्यंत पाण्यात उतरू नका. पैसे भरले आहेत, मागे रांग आहे, म्हणून घाई करू नका. दम्यासारखा आजार असेल तर तो लपवू नका. माणसाने केलेल्या नियमातून एखादे वेळी सूट मिळेल. बॉइलच्या नियमातून कोणालाच नाही.

जाता जाता एक उदाहरण : २० मीटर खोलीवर फुग्यात २ लिटर हवा भरून तोंड बांधले. ५ मीटरवर तिचे आकारमान किती होईल? (उत्तर : ४ लिटर)