एक रेपो, तीन फोल्डर

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी जाणार आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेपासून लागू होणार. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर नागपूरच्या इतवारीतले ठोक व्यापारी वापरतात. तूप १२ वरून ५ वर, साबण आणि केसांचं तेल १८ वरून ५ वर. त्यांच्या रोजच्या खपाच्या मालाचेच दर बदलले. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ आमचं ऑफिस आहे. त्या दिवसांत तिथे एकाच कोडवर तीन कामं सोबत चालू होती: नवे दर, व्यापाऱ्यांकडे चालू असलेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्या आणि सहकाऱ्यांचा कोड तपासणं. हे सगळं एकमेकांत न गुंतता पार पडलं ते गिटच्या वर्कट्रीमुळे. त्या आणि आधीच्या अनुभवातून जे पक्कं झालं, ते लिहितो आहे.

१. अर्धवट काम उचलून ठेवू नका, जागच्या जागी राहू द्या.

नव्या दरांसाठी डझनभर फाइली उघड्या असतात आणि इतवारीतून फोन येतो, "भाऊ, बिलाची प्रिंट निघून नाही राहिली, गिऱ्हाईक उभं आहे दुकानात." अशा वेळी बहुतेक जण स्टॅश करून ब्रांच बदलतात. पाच मिनिटांच्या कामाला स्टॅश ठीक आहे. पण त्याला नाव दिलं नाही, तर यादीत फक्त ब्रांच आणि शेवटच्या कमिटचा संदेश दिसतो. आठवड्याने आत काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय नुकतीच तयार केलेली, गिटमध्ये अजून न घातलेली फाइल साध्या स्टॅशमध्ये जातच नाही. ती तिथेच राहते आणि दुसऱ्या ब्रांचच्या बिल्डमध्ये घुसते. त्यापेक्षा दुरुस्तीसाठी वर्कट्रीने वेगळं फोल्डर उघडावं. आपलं अर्धं काम, एडिटरमधल्या खुणा, चालू सर्व्हर, सगळं जसंच्या तसं राहतं आणि परत आल्यावर डोक्यातला धागा लगेच सापडतो.

२. वर्कट्री म्हणजे दुसरा क्लोन नव्हे.

लिनस टॉरवाल्ड्सने गिट लिहिलं एप्रिल २००५ मध्ये. वर्कट्रीची कमांड आली थेट जुलै २०१५ मध्ये, २.५ या आवृत्तीत. त्याआधी लोक एकाच रेपोचे दोन-दोन क्लोन ठेवत, आणि आजही ठेवतात. त्यात एका क्लोनमधलं कमिट दुसऱ्याला दिसत नाही आणि फेच दोन्हीकडे वेगळं करावं लागतं. वर्कट्रीत इतिहास एकच असतो, फक्त काम करायची जागा वेगळी. एकदा उघडून पाहाच. मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट गिट' ही आख्खी डिरेक्टरी असते. नव्या फोल्डरमध्ये त्याच नावाची एका ओळीची टेक्स्ट फाइल असते आणि त्या ओळीत मुख्य रेपोतला पत्ता. कोणती ब्रांच उघडी आहे आणि काय स्टेज केलं आहे, एवढं प्रत्येक फोल्डरचं स्वतःचं. कमिट, ब्रांच आणि स्टॅशची यादी सगळ्यांची सामायिक.

३. फोल्डरला ब्रांचचंच नाव द्या आणि ते मुख्य फोल्डरच्या शेजारी ठेवा, आत नको. आत ठेवलं की एडिटरच्या शोधात प्रत्येक फाइल दोनदा सापडते.

४. गिट कोड वेगळा करून देतं, बाकीचं आपण करायचं.

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर. नव्या फोल्डरमध्ये इग्नोर केलेलं काहीच येत नाही. पासवर्ड असलेली 'डॉट ईएनव्ही' फाइल नसते, 'नोड मॉड्यूल्स' नसतात. आम्ही त्यासाठी छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: फोल्डर तयार करा, सेटिंग आणा, पॅकेज टाका, वेगळा पोर्ट द्या.

खरा प्रश्न डेटाबेसचा. २१ सप्टेंबरचं बिल जुन्या दराने आणि २२ चं नव्या. २१ च्या बिलातला माल महिन्याभराने परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने. म्हणजे दर नुसते बदलून भागत नाही, दोन्ही जिवंत ठेवावे लागतात. म्हणून नव्या ब्रांचमध्ये दरांच्या टेबलला 'लागू तारीख' हा सक्तीचा कॉलम आला. जुन्या आवृत्तीच्या कोडला तो ठाऊकच नाही. दोन्ही फोल्डर एकाच डेटाबेसला जोडलेले असतील, तर जुन्या कोडमध्ये नवा दर नोंदवताना एरर येतो आणि माणूस प्रिंटची दुरुस्ती सोडून भलतीकडेच शोधत बसतो. कोड वेगळा तर डेटाबेसही वेगळा, आणि त्याला नाव फोल्डरचंच. लॅपटॉपवर जागा लागते, लागू द्या.

५. गिट नाही म्हणालं तर ऐका.

एकच ब्रांच दोन फोल्डरमध्ये उघडू गेलात, तर गिट नकार देतं आणि ती कुठे वापरात आहे तेही सांगतं. जबरदस्तीचा पर्याय आहे. तो वापरू नका. एकीकडे कमिट केलं की दुसरीकडच्या फाइली त्याच ब्रांचच्या मागे पडतात आणि स्टेटसमध्ये न केलेले बदल दिसू लागतात. सहकाऱ्याचा कोड नुसता पाहायचा असेल, तर 'डिटॅच' लावून फोल्डर उघडावं. ब्रांच अडत नाही.

६. काम झालं की फोल्डर 'वर्कट्री रिमूव्ह'ने काढा.

कमिट न केलेले बदल आत राहिले असतील, तर ही कमांड अडवते. फाइल मॅनेजरमधून हाताने डिलीट केलं, तर कुणीच अडवत नाही. तसं कुणी केलंच असेल, तर मागे उरलेली नोंद 'प्रून'ने जाते. फोल्डर गेलं तरी ब्रांच राहते, हे नव्या मुलांना आवर्जून सांगतो. ब्रांच जाईल या भीतीने ते जुनी फोल्डर साठवत राहतात.

७. दुरुस्ती सगळ्या ब्रांचमध्ये पोचली का, ते पाहा.

फोल्डर वेगळी असल्याचा हा एकच धोका मला मोठा वाटतो. प्रिंटची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत होते, व्यापारी खूश होतो आणि नव्या दरांच्या ब्रांचमध्ये तीच चूक तशीच राहते. दुरुस्ती चेरी-पिक करून नेली, तर तिथे कमिटचा क्रमांक बदलतो, त्यामुळे मूळ क्रमांकाने शोधून ती सापडत नाही. चेरी-पिक करताना 'वजा एक्स' लावलं की मूळ क्रमांक नव्या कमिटच्या संदेशात लिहिला जातो. मग प्रत्येक रिलीजच्या आदल्या दिवशी लॉगच्या संदेशांत तो क्रमांक शोधायचा. ज्या ब्रांचमध्ये सापडला नाही, तिथे दुरुस्ती अजून न्यायची आहे.