मदरबोर्डाची निवड : काटकसर आणि हौस

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

संगणक घेताना आपण प्रोसेसर कोणता, मेमरी किती, एवढे विचारतो. हे सर्व भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. मीही केली नव्हती, आणि त्याची किंमत मोजली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का निवडावा, असे वाचकांना वाटेल. पण प्रश्न मुळात पैशाच्या विनियोगाचा आहे, म्हणून हा लेख.

२०२३ साली बेळगावात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावर आईने साठवलेल्या पैशांतून मी सुटे भाग घेऊन संगणक जुळवला. दुकानदाराने ‘सर्वांत वरचा’ म्हणून झेड६९० चिपसेटचा मदरबोर्ड दिला आणि त्यावर आय५-१२४०० हा प्रोसेसर बसवला. झेड चिपसेटचे मुख्य वैशिष्ट्य म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, अर्थात प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवण्याची सोय. परंतु ही सोय इंटेलच्या ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरांनाच लागू होते, आणि माझ्या प्रोसेसरला ते अक्षर नव्हते! जी रक्कम जास्तीची गेली तीत माझी दोन सत्रांची पुस्तके आली असती.

चिपसेट म्हणजे काय?

पूर्वी मदरबोर्डावर दोन मोठ्या चिपा असत. नॉर्थब्रिज ही प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स यांना जोडी. साऊथब्रिज डिस्क, कीबोर्ड इत्यादी संथ भागांचा कारभार पाही. त्या काळी चिपसेट चांगला तर संगणक वेगवान, हे पुष्कळ अंशी खरे होते. पुढे एएमडीने २००३ साली ॲथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ साली मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या पोटातच नेले. आज चिपसेटकडे मुख्यतः जोडण्यांचे काम उरले आहे : किती डिस्क, किती यूएसबी, किती कार्डे. गोदामाला दारे किती, हे चिपसेट ठरवतो. हमाल किती चपळ, हे प्रोसेसर ठरवतो.

तीन पायऱ्या

इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी प्रामुख्याने तीन पायऱ्या आहेत.

१) एच६१० : मेमरीचे स्लॉट दोनच. सॅटा जोडण्या चार. ओव्हरक्लॉकिंग नाही. एसएसडी थेट प्रोसेसरला जोडता येत नाही; ती चिपसेटमार्फत, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने चालते.

२) बी७६० : मेमरीचे चार स्लॉट देता येतात. मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एक एसएसडी थेट प्रोसेसरला, चौथ्या पिढीच्या मार्गाने जोडता येते.

३) झेड७९० : प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग होते. सॅटा जोडण्या आठ. प्रोसेसर आणि चिपसेट यांमधला मार्ग बी७६० च्या दुप्पट रुंद.

एएमडीच्या एएम५ मालिकेत ए६२०, बी६५० आणि एक्स६७० अशी उतरंड आहे. तेथे प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगसाठी मधली बी६५० सुद्धा पुरते. फक्त ए६२० वर ते होत नाही. एक्स६७० म्हणजे तर बी६५० च्याच दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या. वरची पायरी म्हणजे जास्त जोडण्या, याचा यापेक्षा सरळ पुरावा कोणता?

मोहगावचा हिशेब

माझे आजोळ मोहगाव. गाव मध्य प्रदेशातले, सौंसर तालुक्यातले. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि हा तालुका त्यात गेला. घरातली बोली मराठी आणि मोठी खरेदी नागपूरची. मामांचा संत्र्यांचा व्यापार आहे. २०२४ च्या दिवाळीत आंबिया बहाराचा माल निघत असताना त्यांनी टॅलीवर हिशेब ठेवण्यासाठी संगणक घ्यायचे ठरवले. मामेभावाला त्यावर खेळ खेळायचे होते, म्हणून त्याने झेड७९० चा हट्ट धरला. मामांनी मला बोलावले आणि म्हणाले, “पोरी, सर्किट मले नको समजावू. महाग बोर्ड घेतला त टॅली लवकर चालन का, एवढंच सांग.”

मी “नाही” म्हटले. मामेभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नागपुरात आम्हाला सांगितलेले भाव असे होते : एच६१० चा बोर्ड ६,५०० रुपये, बी७६० चा ११,००० आणि झेड७९० चा २२,०००. शेवटच्या भावात १८ टक्के वस्तू व सेवा कराचे सुमारे ३,३५६ रुपये धरलेले. ताज्या फळांवर हा कर नाही. त्यामुळे केवळ संत्री विकणाऱ्या मामांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. तो संपूर्ण खर्चच. संगणकावर घसारा ४० टक्के. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. दिवाळीत घेतलेल्या २२,००० च्या बोर्डाची पुस्तकी किंमत तिसऱ्या वर्षाअखेर ६,३३६ रुपये उरते. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून आज जादा पैसे घालणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

अखेर एच६१० चा बोर्ड आणि आय३-१२१०० प्रोसेसर घेतला. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्याने वेगळे कार्ड लागले नाही. वाचलेल्या १५,५०० रुपयांतून मेमरी आठऐवजी सोळा जीबी केली, एसएसडी घेतली, आणि वीज गेली तरी अर्धवट नोंद बुडू नये म्हणून यूपीएस घेतला. या तिन्ही गोष्टींचा फरक मामांना पहिल्याच आठवड्यात कळला. चिपसेटचा फरक त्यांना कधीच कळला नसता.

मग वरची पायरी कोणासाठी?

मामेभावाची बाजूही मांडली पाहिजे. दोन स्लॉट भरले की एच६१० वर मेमरी वाढवायला जागा उरत नाही. जुनी काढावी लागते. ग्राफिक्स कार्ड, वेगवान एसएसडी आणि पुढे मेमरी वाढवण्याचा विचार असेल तर बी७६० योग्य. ‘के’ प्रोसेसर घेऊन त्याचा वेग खरोखर वाढवणाऱ्याला, किंवा पुष्कळ डिस्क लावणाऱ्याला झेड७९० शोभते. भविष्याचा विचार करायचाच, तर अक्षरापेक्षा सॉकेट पाहावे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मधले कित्येक बोर्ड बायोस बदलून २०२० मध्ये आलेले प्रोसेसरही चालवू शकले. त्यांत स्वस्त बोर्डही होते.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकतो. तो मला पाठ होता. तरी दुकानात आठवला नाही. म्हणून वाचकांना सुचवते : दुकानात जाण्यापूर्वी आपल्याला लागणाऱ्या जोडण्या कागदावर मोजाव्यात. तेवढ्या जिथे पुरतात ती पायरी आपली. आणि प्रोसेसरच्या नावात ‘के’ नसेल, तर इंटेलच्या झेडचा हट्ट धरू नये.

पुढच्या हंगामात स्वतःच्या कमाईतून बी७६० घेण्याचे मामेभावाने ठरवले आहे. भाव विचारायला तो आता मलाच फोन करतो.