कपाटामागची भिंत

देवरुख, १८ ऑगस्ट

चि. निनाद यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. ठाण्याच्या घरातलं कपाट पुढे ओढल्यावर भिंतीवर जो काळा नकाशा उमटलेला दिसतो, तो सोनालीने तीनदा ब्लीच मारून पुसला आणि तिन्ही वेळा पंधरा दिवसांत तो होता तिथे परत आला. आता बुरशीरोधक रंग लावायचा बेत आहे, तोही गणपतीच्या आत. रंगाचा डबा आणला असलास तर झाकण उघडू नकोस. त्या भिंतीत पाणी येतंय कुठून, हे अजून घरात कोणी विचारलेलंच नाही.

भाकरी बुरसते, लोणच्याला बुरा येतो, आणि माणसाचे विचार बुरसटले असंही आपण म्हणतो. शब्द एकाच मुळाचे, आणि गोष्टही एकच. बुरशीचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, ठाण्यातल्या दिवाणखान्यात असतात तसेच देवरुखच्या माजघरातही. पुसून, फवारून ते संपायचे नाहीत. त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात: खाणं, ऊब आणि ओल. खाण्याच्या बाबतीत ही जात अजिबात चोखंदळ नाही. लाकूड, कागद, सुती कापड, चामडं, डिस्टेंपरमधली खळ, यातलं काहीच नसेल तर टाइल्सवर साचलेला साबणाचा थरही तिला पुरतो. ऊब कोकणपट्टीत फुकट मिळते. माणसाच्या हातात राहते ती फक्त ओल. भिजलेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तरी तिचं फारसं चालत नाही. आता जुलैत आपल्याकडे बाहेरच्या हवेचीच आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला ऐन झडीत अर्धाच खरा. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ बाहेर जायला खिडकी हवी. पण दिवसभर सताड उघडी ठेवली, तर आभाळच घरात येऊन बसतं.

तेव्हा आधी तपास. तो अॅल्युमिनियम फॉइलच्या तुकड्याने होतो. डाग नसलेल्या पण त्याच भिंतीच्या भागावर फूटभर फॉइल लावायची, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही. खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी घरातल्या हवेतलं आहे. फॉइल सोलल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. पहिल्या प्रकारात दोष घरातल्यांच्या सवयींचा, दुसऱ्यात बांधकामाचा. दोन्हींचा इलाज वेगळा. आणि यातला कुठलाही इलाज रंगाच्या डब्यात मिळत नाही.

इथे वरच्या आळीत एका घरी दर गणपतीला एकच भिंत रंगवायचे. सलग चार वर्षं. रंग दर वेळी आधीच्यापेक्षा महाग. पाचव्या वर्षी गवंडी गच्चीवर गेला तेव्हा कळलं, की पन्हळीच्या तोंडाशी आंब्याची पानं कुजून बूच बसलं होतं आणि पाणी उलटं फिरून भिंतीत मुरत होतं. पानं काढायला दहा मिनिटं लागली. भिंत वाळायला मात्र होळी उजाडली, कारण भिजलेली भिंत इंचाला साधारण महिना घेते.

फ्लॅटमध्ये पन्हळ नसते, तिथे संशयित दुसरे. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर हा पहिला. (सगळ्या देशातले प्लंबर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, त्यात आपली न्हाणी बसलेली आहे, हे तुला ठाऊक नसेल.) त्या ट्रॅपभोवतीचा सांधा सुटला की खालच्याच्या छतावर आधी पिवळट कडी उमटते, मग पोपडे सुटतात, मग काळं धरतं. ओल पावसाळ्यानंतरही तशीच राहिली तर हाच चोर. पावसाबरोबर वाढली आणि दिवाळीत आटली, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा गच्ची. मग भांडण कोणाशी करायचं तेही ठरलेलं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणं हे संस्थेचं काम; वरच्याच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल तर खर्च त्या सदस्याचा. सेक्रेटरींना पत्र लिहून पोच घे. गोड बोलून सांगितलेलं पुढच्या जूनपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

ब्लीचविषयी सोनालीला मुद्दाम वाचून दाखव. टाइल्स, काच, चिनी मातीचं बेसिन यांवर ते उत्तम काम करतं: लिटरभर पाण्यात साधारण ६० मिली, दहा मिनिटं थांबून घासायचं, धुवायचं. प्लॅस्टरची भिंत मात्र सच्छिद्र. तिथे रंग उडतो, डाग गेल्यासारखा वाटतो, आणि आतली मुळं तशीच राहून त्या पाण्यावर पुन्हा वाढतात. तीन वेळा तेच झालं. आणि ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळणं तर नकोच. संडास साफ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना जाळतो. व्हिनेगर ब्लीचमध्ये ओतलं तरी तोच प्रकार. ‘दोन्ही घातलं की डबल काम’ हा हिशोब इथे जिवावर बेततो. आणि व्हिनेगर शहाबादी, कडप्पा, कोटा किंवा संगमरवरावर कधीच नको. हे सगळे चुन्याचे दगड. आम्ल लागलं की तकाकी जाऊन चट्टा पडतो, आणि तो चट्टा बुरशीसारखा पुसता येत नाही.

भिंत साफ करायची तर कोरडी खरवडू नये. बीजाणू घरभर उडतात. तोंडाला एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे, छोटी ओवी दुसऱ्या खोलीत आणि पंखा बंद. साबणाच्या पाण्याने डाग ओला करून पुसायचा, फडकं टाकून द्यायचं, सुटलेले पोपडे पत्र्याने काढायचे आणि भिंत उघडी ठेवायची. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर जाणकार माणूस बोलवावा, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ढोबळ नियम आहे. तुझा फोटो पाहता तू काठावर आहेस.

‘काळी आहे म्हणजे तीच का?’ असं सोनालीने फोनवर विचारलं. नव्हे. २०२१ साली कोविडनंतर महाराष्ट्रभर ज्या म्युकरमायकोसिसची धास्ती होती, त्याची बुरशी काळी नसतेच. ती रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो, म्हणून ते नाव चिकटलं. भिंतीवरचं काळं बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा अॅस्परजिलस. पण म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. इंग्लंडात रॉचडेल इथे एका कुटुंबाने भाड्याच्या घरातल्या बुरशीची तक्रार २०१७ मध्ये केली. उत्तर मिळालं, रंग लावा. डिसेंबर २०२० मध्ये त्या घरातला दोन वर्षांचा आवाब इशाक श्वसनाच्या विकाराने गेला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कोरोनरने कारण नोंदवलं ते घरातल्या बुरशीचा दीर्घ संपर्क. त्याच्या नावाची कलमं २०२३ मध्ये तिथल्या कायद्यात आली. ओवीचा खोकला पावसाळ्यातच वाढतो, असं तू सहज लिहून गेलास. ते सहज सोडू नकोस. डॉक्टरांना भिंतीचा फोटोही दाखव.

आता कपाटाकडे. प्लायवूडची पाठ पांढुरकी झाली असेल तर स्पिरिटने पुसून उन्हात वाळव. पण फुगली असेल, थर सुटले असतील, तर मोह सोड. नवं कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं तरी लांब. जुन्या घरांत पेटारे लाकडी ठोकळ्यांवर ठेवत, ते शोभेसाठी नव्हे.

बूट, पट्टे, तुझी ऑफिसची बॅग: बाहेर नेऊन मऊ ब्रशने झटक, स्पिरिट आणि पाणी समसमान घेऊन पुस, सावलीत वाऱ्याला वाळव आणि मग पॉलिश. उन्हात चामडं तडकतं.

आजीची पैठणी मात्र सोनालीने स्वतः पाहावी. ती दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत असेल तर आजच काढा. प्लॅस्टिक ओल आत कोंडून ठेवतं, आणि रेशमावर पडलेला बुरशीचा डाग बऱ्याचदा जन्माचा असतो. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळायची, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घालायची, आणि उघडीप मिळाली की तासभर सावलीत वारा द्यायचा. कपड्यांना ऊन दाखवतात, पण पैठणीला नाही. डांबराच्या गोळ्या काढून टाक. त्या किड्यांसाठी असतात, ओल शोषत नाहीत. शिवाय नॅफ्थलीन लहान मुलांना चांगलं नाही, आणि रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांना तर धोक्याचंच. कापराने वास छान येतो, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेव. ओल पिऊन त्या दमल्या की मंद आचेवर तापवल्या म्हणजे पुन्हा कामाला लागतात.

पुस्तकांचं दुःख आत्याला जास्त. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं; २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली पुस्तकं चिखलात गेली. भिजलेलं पुस्तक दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल, तर ते पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं. बुरशी तिथे थांबते, आणि सवडीने एकेक पुस्तक काढून पानं पंख्याखाली सुटी करता येतात. हे तेव्हा किती घरांत माहीत होतं कोण जाणे. आठवडाभर रस्त्याच्या कडेला गाद्या आणि पुस्तकांचे ढीग होते.

राहिल्या रोजच्या सवयी. चार माणसांचं घर श्वास, स्वयंपाक आणि धुणं मिळून दिवसाला अंदाजे दहा लिटर पाणी हवेत सोडतं. त्यात बेडरूममध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले की भर. दोऱ्या हॉलमध्ये पंख्याखाली आण, बेडरूमचं दार लावून घे आणि एसी असेल तिथे तासभर ‘ड्राय’वर लाव. भाताला, डाळीला झाकण. आंघोळीनंतर एक्झॉस्ट वीस मिनिटं. वॉशिंग मशीनचं दार उघडं, रबराची कड पुसलेली. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र पाचशेच्या आत मिळतं. ते कपाटामागे टांग आणि आकडा रोज कॅलेंडरवर लिही. रंग लावायचाच असेल तर जानेवारीत, भिंत वाजवून कोरडी लागली की. साधा चुना आत्याला अजून आवडतो. तो अल्कलीयुक्त असल्याने ताजा असेतो बुरशीला मानवत नाही, आणि भिंतीला श्वासही घेऊ देतो. तुझ्या सोसायटीत चुना लावणारा माणूस मिळेल का, ही शंका आहे.

गणपतीचं मखर यंदा खिडकीकडच्या भिंतीशी मांडा. फॉइल आज रात्री लाव, परवा सोलून दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. कुठली बाजू कुठली ते पेनने लिहून. आणि गौरीला येताना तुझे ते बुरसलेले बूट घेऊन ये, इथे पडवीत वारा चांगला आहे.

तुझी,
आत्या